यझ्द बघायचं तर पाण्याच्या मागून जा

आषाढात कोकणात एखाद्या दिवशी जेवढा पाऊस कोसळतो, तेवढा इराणमधल्या यझ्द शहरात अख्ख्या वर्षात पडतो. साधारण ५० ते ६० मिलिमीटर. एका अंगाला दश्त-ए-कवीर, दुसऱ्या अंगाला दश्त-ए-लूत अशी दोन वाळवंटं, आणि मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर हे मातीच्या विटांचं शहर. जवळ बारमाही नदी नाही. तरी इस्लामपूर्व सासानी राजवटीपासून इथे माणसं नांदत आली. २०१७ साली युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ही वस्ती कशावर टिकली ते एकदा समजलं की इथला प्रत्येक मनोरा आणि प्रत्येक बोळ उलगडत जातो. ते न समजता फिरलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे घुमट सारखेच दिसायला लागतात.

म्हणून इथे दिलेला क्रम टूरवाल्यांच्या क्रमाच्या उलट आहे. ते आधी अमीर चखमाक चौक, मग जामे मशीद, मग अग्निमंदिर दाखवतात आणि वेळ उरलाच तर जलसंग्रहालय. तुम्ही सुरुवात पाण्यापासून करा. तीन दिवस ठेवा. दोन दिवसांत बघून होतं, पण उरकल्यासारखं.

निघण्यापूर्वी घरी काय करावं

पहिलं काम वाटीचं. यझ्दमध्ये शेकडो वर्षं शेतांना पाणी वाटलं गेलं ते एका भोक पाडलेल्या तांब्याच्या वाटीच्या हिशेबाने. तिला पंगान म्हणतात. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर वाटी सोडायची, बुडाच्या भोकातून पाणी आत चढत जातं, वाटी बुडाली की एक वाटा संपला. आपल्या लग्नांत मुहूर्तासाठी ठेवत ते घटिकापात्र म्हणजे हेच यंत्र. त्यात एक घटिका २४ मिनिटांची, दिवसाला ६० घटिका. संग्रहालयात काचेमागे ही वाटी बघून माणूस पुढे सरकतो. घरी एकदा करून पाहिली असेल तर तिथे पाय थबकतात.

साधारण ८ सेंटिमीटर व्यासाची, सरळ कडांची स्टीलची आमटीची वाटी घ्या. बुडाच्या बरोबर मध्यावर १ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, भांड्यांना डाग देणारा माणूस मिनिटात पाडून देईल. भोकाची आतली खरबरीत कड घासून काढा. अर्धी बादली पाणी घ्या, पाणी पूर्ण स्थिर होऊ द्या, वाटी अलगद सोडा आणि घड्याळ लावा. वाटीच्या वजनाप्रमाणे साधारण पाच ते पंधरा मिनिटांच्या मध्ये ती बुडते. तीनदा करा. तिन्ही वेळा जवळपास सारखी आली पाहिजे.

सारखी आली नाही तर कारणं बहुधा तीन. वाटी तेलकट असेल तर एवढ्या बारीक भोकातून पाणी वर चढतच नाही, वाटी नुसती तरंगत राहते. ती राखेने किंवा चिंचेने घासा आणि आतून ओली करून मगच सोडा. भोक मध्यावर नसेल तर वाटी कलते आणि एका कडेने पाणी घेऊन अवेळी बुडते. पाण्यात गाळ असेल तर भोक तुंबतं आणि वेळ लांबते. भोक २ मिलिमीटरचं केलंत तर वेळ निम्मी होत नाही, चौथाईवर येते, कारण भोकाचं क्षेत्रफळ चौपट झालेलं असतं. आणखी एक बघा. सरळ कडांच्या वाटीत पाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने चढतं, कारण आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांच्या पातळीतला फरक कायम राहतो, तो वाटीच्या वजनावर ठरलेला असतो. म्हणून वाटीच्या आत समान अंतरावर खुणा केल्या तर पाव वाटा, अर्धा वाटाही मोजता येतो. गावाचा मीराब, म्हणजे पाणी वाटणारा, या खुणांवर भांडणं सोडवायचा. कोकणात पाटाच्या पाण्याची पाळी चुकली की काय होतं ते माहीत असणाऱ्याला त्या वाटीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं काम शब्दांचं. फारसी येत नसली तरी मराठी माणसाच्या पदरात अर्धा कोश आधीच असतो. आब म्हणजे पाणी, गुलाबातला आणि पंजाबातला तोच. अंबार म्हणजे साठा, पन्हाळ्याच्या अंबारखान्यातला. दोन्ही जोडले की आब-अंबार, पाण्याचं भूमिगत कोठार. बाद म्हणजे वारा आणि गीर म्हणजे पकडणारा, जहांगीर या नावातला. बादगीर म्हणजे वारा पकडणारा मनोरा. घराच्या चौकातलं हौज म्हणजे आपला हौद. हश्ती म्हणजे दारातून आत गेल्यावरचं अष्टकोनी दालन, त्यात हश्त म्हणजे आठ. खुद्द यझ्द या नावाचं नातं अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या यझत या शब्दाशी, म्हणजे पूजनीयाशी जोडतात, आणि संस्कृतातला यज् धातू त्याचाच सख्खा भाऊ. एकच शब्द मात्र चकवतो. आपल्याकडे कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत. यझ्दची कनात म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, आणि त्या दोघींचा काही संबंध नाही. बोगद्याचं जुनं फारसी नाव कारीझ. बीदरच्या कारेझचं नाव ऐकलं असेल तर ती हीच जात. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर आणली, तीही याच विद्येच्या जवळची.

फारसी आकडेही शिकून घ्या, अर्धा तास पुरतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच म्हणजे उलट्या बदामासारखा. फलकांवरची सालं इराणी सौर असतात, त्यात ६२१ मिळवले की आपलं इसवी साल येतं. १३१३ दिसलं तर १९३४. जुन्या फरशांवरची सालं मात्र चांद्र हिजरी असतात. त्यांना ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. ७७७ असेल तर साधारण १३७५. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की इमारत काही दशकं इकडे-तिकडे सरकते आणि राजवटच चुकते.

प्रवासाचं थोडक्यात. भारतीय पारपत्रावरचे व्हिसाचे नियम अलीकडे बदलत आले आहेत आणि त्या भागातली परिस्थितीही. तिकीट काढण्याआधी मुंबईतल्या इराणी वकिलातीकडे आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनांमध्ये त्या आठवड्याची स्थिती बघाच. भारतातली बँक कार्डं तिथे चालत नाहीत, सगळा खर्च रोख नेऊन तिथे बदलावा लागतो. नोटेवर रियाल असतात, बोलताना तोमान म्हणतात. एक तोमान म्हणजे दहा रियाल. प्रत्येक सौद्यात कोणता आकडा ते विचारा, नाहीतर दहापट देऊन मोकळे व्हाल. इस्फहानहून यझ्द साधारण ३०० किलोमीटर, शिराझहून साधारण ४५०, दोन्हीकडून बस आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल-मे हे दिवस चांगले. २१ मार्चपासूनचे नवरोझचे १३ दिवस टाळा, त्या काळात सगळं इराण प्रवासाला निघालेलं असतं.

पहिला दिवस: जमिनीखालून वर

सकाळी जलसंग्रहालय. अमीर चखमाक चौकाजवळच्या एका जुन्या व्यापारी घरात ते आहे आणि घराखालून कनातीचं पाणी गेलेलं आहे. इथे घाई करू नका, दीड तास द्या.

कनातीची कल्पना अशी. यझ्दच्या नैऋत्येला शीरकूह हा ४००० मीटरहून उंच पर्वत. त्याच्यावरचं बर्फ वितळतं आणि पाणी पायथ्याच्या गाळमातीत मुरतं. तिथे खोल विहीर घेऊन जिवंत पाणी लागलं की ती मादर-चाह, आईविहीर. मग शहराकडच्या सखल टोकापासून आईविहिरीकडे एक बोगदा उलट खणत न्यायचा. सखल बाजूने सुरुवात का, तर शेवटच्या टप्प्यात पाणी लागलं की ते आपोआप मागे वाहून जातं, खणणारा बुडत नाही. वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी घेतात, त्यांतून माती वर ओढायची आणि हवा खाली जाऊ द्यायची. पंप नाही, मोट नाही, रहाट नाही. पाणी स्वतःच्या उताराने चालत येतं.

सगळं कसब त्या उतारात आहे. लांब कनातीत हजार मीटरला एक मीटर किंवा त्याहूनही कमी. आपल्या वाडीतल्या पाटाचाच नियम: उतार जास्त झाला की पाणी कडा खात सुटतं, कमी झाला की गाळ बसतो आणि पाणी थबकतं. फरक एवढाच की पाट डोळ्यांसमोर असतो आणि कनात अंधारात असते, कधी कित्येक मीटर मातीखाली. दिशा चुकू नये म्हणून मुकन्नी, म्हणजे कनात खणणारा कारागीर, विहिरीतून दोन ओळंबे सोडायचा. त्या दोन दोऱ्यांची रेघ हीच पुढची दिशा. बोगद्यात मागे दिवे ठेवून ते एका ओळीत दिसतात का ते बघत तो पुढे सरकायचा. दिवा मंदावला तर हवा खराब, लगेच मागे फिरायचं. माती भुसभुशीत लागली तर भाजक्या मातीची लंबगोल कडी एकापुढे एक बसवून बोगदा सावरायचा. संग्रहालयात ही कडी ठेवली आहेत. त्यांच्या शेजारी उभं राहून उंची बघा, माणूस वाकून किंवा बसूनच आत जाऊ शकतो. बुटकी कुदळ, चामड्याची बादली, माती ओढायचं लाकडी चर्ख हे सगळं त्या मापाचं आहे. कित्येक मुकन्नी पांढरे कपडे घालून उतरत. बोगदा कोसळला तर तेच कफन.

विमानाने येणार असाल तर खिडकीची जागा घ्या. वाळवंटात सरळ रेषेत मातीच्या बांगड्या मांडल्यासारख्या दिसतात, त्या कनातीच्या उभ्या विहिरी. काढलेली माती तोंडाभोवती गोल रचलेली असते, म्हणजे अवचित आलेला लोंढा आत शिरत नाही.

इराणमधल्या ११ कनाती २०१६ साली जागतिक वारशात आल्या. त्यांतली झार्चची कनात ७० किलोमीटरहून लांब आहे आणि ती यझ्दच्या जुन्या शहराखालून जाते. म्हणून संग्रहालयानंतर सरळ जामे मशिदीकडे चाला, पाऊण किलोमीटर ते एक किलोमीटर. मशिदीच्या आवारातून खाली कनातीपर्यंत उतरायचा जिना आहे. अशा जिन्याला पायाब म्हणतात. तो कधी उघडा असतो, कधी बंद, दारावर विचारा. उघडा असेल तर आधी खाली उतरा आणि मग वर बघा. प्रत्येक पायरीगणिक हवा गार होत जाते.

मशीद मुख्यतः चौदाव्या शतकातली, मुजफ्फरी राजवटीच्या काळातली. दरवाजावरची मनोऱ्यांची जोडी सुमारे ५० मीटर उंच, इराणमधल्या सर्वांत उंचांपैकी. सगळे खाली उभे राहून तिचा फोटो काढतात आणि मनोरे वाकडे येतात. रस्त्याने मागे शंभर-दीडशे मीटर जा, तिथून सरळ येतात. आत गेल्यावर निळ्या फरशीला अगदी जवळून बघा. दुरून चित्र रंगवल्यासारखं वाटतं, पण जवळ गेलं की वेगवेगळ्या रंगांच्या फरशा वेगळ्या भाजून, छिन्नीने कापून, तुकडा तुकडा सांधलेला दिसतो. एकेक रंग आपापल्या योग्य आचेवर भाजलेला असल्यामुळे साडेसहाशे वर्षांनीही उजळ आहे. नंतरच्या काळात एकाच फरशीवर सगळे रंग चढवून एकदम भाजायची पद्धत आली, ती स्वस्त आणि जलद. दोन्ही यझ्दमध्ये आहेत. फरक ओळखायची खूण सांध्यात आहे: रेघ रंग बदलते तिथे सांधा असेल तर जुनी पद्धत.

दुपारी आब-अंबार. सहा बादगीरांचा शेश-बादगीरी आब-अंबार बाहेरून बघायला सोपा. जमिनीखाली गोल विहिरीसारखी टाकी, वर घुमट, भोवती बादगीर. हिवाळ्यात, शेतीला पाणी कमी लागतं तेव्हा, थंड रात्री कनातीचं पाणी सोडून टाकी भरायची. बादगीरातून आत येणारा वारा पाण्यावरची दमट हवा हलवत राहतो, त्यामुळे पाणी गार राहतं आणि कुबट होत नाही. भिंतींना चुना, माती, राख यांचा सारूज नावाचा गिलावा, पाणी न झिरपणारा. लोक पायऱ्या उतरून तळाजवळच्या नळाशी जायचे. हा नळ तळापासून थोडा वर बसवलेला असतो, गाळ खाली राहावा म्हणून. जांभ्याच्या विहिरीत पाणी झिरपून येतं, तिला असला गिलावा नको असतो. इथे उलट: आत काही येत नाही, साठवलेलं जाऊ द्यायचं नाही.

मग उरलेल्या उन्हात बोळांतून भटका. दोन्ही भिंती उंच, मधूनमधून वर कमानी आणि छपरं, त्यांना साबात म्हणतात. सावलीही मिळते आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींना तोलूनही धरतात. भिंतीला माती आणि काड यांचा गिलावा, काहगेल. आपल्याकडे भिंत लिंपताना मातीत काड का घालतात ते ज्याला ठाऊक, त्याला हा लगेच ओळखू येईल: काडामुळे वाळताना भेगा पडत नाहीत. फरक पावसाचा. कोकणात असली उघडी भिंत एका मृगात वाहून जाईल. दारांवर दोन कड्या दिसतील, एक जाड दांडा आणि एक कडी. दांडा पुरुषांनी वाजवायचा, कडी बायकांनी. आवाजावरून दार कोणी उघडायचं ते घरात ठरायचं. वाजवून बघायचा मोह आवरा, आत माणसं राहतात.

बादगीर कसा वाचावा

यासाठी वेगळा वेळ काढा, कारण यझ्दची ओळखच ही आहे आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात.

कोकणी माणूस वाऱ्याच्या बाबतीत अडाणी नसतो. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे, रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे, होडीचं शीड कधी कुठे फिरवायचं, हे ज्या किनाऱ्यावर लहानपणी कळतं त्याला बादगीर म्हणजे विटांचं शीड एवढं सांगितलं तरी पुरे. आधी तोंडं मोजा. यझ्दमध्ये बहुतेक बादगीर चार तोंडांचे, काही आठ, कारण इथे वारा दिशा बदलतो. पन्नास किलोमीटरवरच्या मैबोदमध्ये बरेच बादगीर एकाच तोंडाचे आहेत, एका ठरलेल्या वाऱ्याकडे वळलेले. शहराचा वारा त्याच्या बादगीरांवर लिहिलेला असतो.

आत मनोऱ्याला उभे पडदे घालून कप्पे केलेले असतात. वाऱ्याकडच्या तोंडातून हवा खाली ढकलली जाते, पाठीकडच्या तोंडातून वर ओढली जाते. खात्री करायची तर पातळ टिश्यूची बोटभर पट्टी किंवा लोकरीचा धागा सोबत ठेवा आणि बादगीराखाली उभं राहून एकेका कप्प्याखाली धरा. एके ठिकाणी तो खाली झुकेल, दुसऱ्या ठिकाणी वर उचलला जाईल. उदबत्ती पेटवू नका, वारसावास्तूंत आग चालत नाही. वारा अजिबात नसेल तर? मग उन्हाने तापलेला मनोरा धुराड्यासारखं काम करतो, आतली गरम हवा वर ओढतो आणि तळघरातली गार हवा तिच्या जागी येते. धागा सगळीकडे वरच उचलला गेला तर यंत्र बिघडलेलं नाही, फक्त वारा पडलेला आहे.

मनोऱ्यातून बाहेर आलेली लाकडं शोभेची वाटतात. ती आतल्या विटकामाला बांधून ठेवतात आणि दुरुस्तीच्या वेळी गवंडी त्यांच्यावर उभा राहतो.

यासाठी दौलताबाद बाग. आपल्या देवगिरीचं नाव इथे एका बागेचं आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर यझ्दचा सुभेदार मोहम्मद तकी खान याने ती वसवली आणि तिच्यासाठी स्वतंत्र कनात आणली. इथला अष्टकोनी बादगीर सुमारे ३३ मीटर उंच, ज्ञात बादगीरांमध्ये सर्वांत उंच. त्याच्या बुडाशी संगमरवरी हौद आहे. वरून आलेली कोरडी हवा त्या पाण्यावरून जाते, पाण्याची वाफ करते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता स्वतःतून देऊन गार होते. माठ गार होतो तो याच कारणाने. आणि माठ घाटावर जितका गार होतो तितका कोकणात होत नाही, हेही त्याच कारणाने: आपली हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी वाफ घेत नाही.

हे स्पष्ट सांगायची गरज आहे, कारण तिथून परतल्यावर बंगल्यावर बादगीर बांधावा असं अनेकांच्या मनात येतं. रत्नागिरीत किंवा मालवणात हौदासकट बादगीर बांधलात तर घरात दमटपणा वाढेल आणि भिंतींना बुरशी धरेल. वर पावसाळ्यात चार महिने त्या तोंडांतून पाणी. कोकणच्या हवेला समोरासमोरच्या खिडक्या, पुढेमागे पडवी आणि उंच कौलारू छप्परच योग्य.

जुन्या वाड्याची रचना बघायला लारी यांचं घर बघा, काजार काळातलं, एकोणिसाव्या शतकातलं. चौकात उभं राहून उत्तर कुठे ते होकायंत्रावर बघा. दक्षिण बाजूची दालनं उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे कायम सावलीत. ती उन्हाळ्याची, आणि बादगीर त्यांच्यावरच. समोरची दालनं दक्षिणेकडे तोंड करून, काचेच्या दारांची, हिवाळ्याच्या उन्हासाठी. कुटुंब ऋतूप्रमाणे घरातल्या घरात बिऱ्हाड हलवायचं.

तिथून पाच मिनिटांवर बारा इमामांच्या नावाची समाधी, अकराव्या शतकातली, काकूयी राजवटीची. चौरस खोलीवर गोल घुमट बसवताना कोपरे कसे सांधले ते इथे आतून विटांत उघडं दिसतं. शेजारची वास्तू सिकंदराचा तुरुंग म्हणून दाखवतात. ती खरं तर घुमटाची जुनी पाठशाळा आहे, सिकंदराशी संबंध दंतकथेपुरता. चंगेजखानाच्या स्वाऱ्यांत इराणमधली मोठमोठी शहरं राख झाली, यझ्द मात्र बरंचसं बचावलं, आणि म्हणून इतकं जुनं काम इथे उभं आहे. १२७२ च्या सुमारास मार्को पोलो इथून गेला, त्याने यझ्दच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेशमी कापडाची नोंद केली.

संध्याकाळी, आणि संध्याकाळीच, अमीर चखमाक चौक. पंधराव्या शतकात तैमूरी सुभेदार अमीर चखमाक आणि त्याची बेगम यांनी इथे मशीद आणि भोवतीचा परिसर वसवला. दिवे लागण्याआधी अर्धा तास पोचा. समोर पानाच्या आकाराचा प्रचंड लाकडी सांगाडा आहे, नख्ल. तो इमाम हुसेनांच्या जनाज्याचं प्रतीक. आपल्याकडच्या ताबुतांची आठवण होईल.

दुसरा दिवस: अग्नी

डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागांमागची इराणी घराणी, पारशांसारखीच झरथुष्ट्राचा धर्म पाळणारी, एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत यझ्द आणि केर्मान भागांतूनच आली. त्यामुळे पालघरच्या माणसाला यझ्द हे शेजाऱ्याचं माहेर आहे. जाण्याआधी दोन ठिकाणं करून ठेवा. कान्हेरीच्या लेण्यांत पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे, भेट द्यायला आलेल्या पारशांनी आपली नावं कोरलेली. आणि डहाणूजवळच्या डोंगरातली बहरोटची लेणी. पारशांची जुनी वसाहत संजाण पडल्यावर इराणशाह हा पवित्र अग्नी तिथे १२ वर्षं दडवून ठेवला होता, अशी पारशी परंपरा आहे.

यझ्दचं आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाचं अग्निमंदिर, १९३४ साली बांधलं, भारतातल्या पारशांच्या पैशाने. इमारत त्या वेळची असली तरी अग्नी परंपरेनुसार ४७० सालापासून अखंड आहे, जागा बदलत बदलत इथे आलेला. भारतातल्या अग्यारीत इतरांना प्रवेश नसतो, इथे मात्र काचेपलीकडे तेवणारा अग्नी कोणालाही बघता येतो. म्हणून जबाबदारी जास्त. फ्लॅश नाही, काचेला हात नाही, आवाज खाली. दहा मिनिटांत बाहेर पडणारे बरेच. थांबा, राखण करणारा पुजारी लाकूड घालायला येईपर्यंत थांबता आलं तर फार चांगलं. तोंडावर पांढरं वस्त्र बांधून तो येतो, श्वासही अग्नीला लागू नये म्हणून.

मग शहराच्या दक्षिणेला दख्मे, दोन टेकड्यांवरचे दोन गोल बुरूज, जिथे झरथुष्ट्री लोक मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवत. त्यांतला एक मानेकजी लिमजी हातरिया यांच्या नावाने ओळखला जातो. १८१३ साली सुरतेजवळ जन्मलेला हा माणूस १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांचा दूत म्हणून इराणला गेला. तिथल्या झरथुष्ट्री प्रजेवरचा जिझिया उठवण्यासाठी तो वर्षानुवर्षं शाहाच्या दरबारी खेटे घालत राहिला. १८८२ साली कर उठला. १८९० साली तो तेहरानमध्येच वारला. दख्म्यांचा वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबला, आता पायथ्याशी दफनभूमी आहे. चढ खडा आहे, सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर जा, सावली कुठेच नाही. वर गेल्यावर मधला गोल खड्डा आणि भोवतीची वर्तुळं दिसतील. तिथे चढून फोटोसाठी उड्या मारणारे दिसतात. ते करू नका, हे कोणाच्या तरी पणजोबांचं शेवटचं ठिकाण आहे.

तिसऱ्या दिवशी गाडी करून मैबोद आणि चक-चक. मैबोदचं बर्फघर बघा: उंच भिंतीच्या सावलीत उथळ तळी, हिवाळ्याच्या रात्री त्यात पाण्याचा पातळ थर गोठवायचा, तो फोडून घुमटाखालच्या खड्ड्यात काडात दाबायचा, उन्हाळ्यात काढायचा. चक-चक म्हणजे ठिबक-ठिबक. उघड्याबोडक्या कड्यातून थेंब पडतात, तिथे झरथुष्ट्री तीर्थ आहे. १४ ते १८ जून त्यांची यात्रा असते, त्या दिवसांत बाहेरच्यांनी जाऊ नये.

शरीराची आणि सामानाची काळजी

कोकणात घाम टिपकतो म्हणून तहान कळते. यझ्दमध्ये घाम निघताक्षणी वाळतो, अंग कोरडं राहतं आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला पाणी घ्या, चालण्याच्या दिवशी तीन-चार लिटर सहज लागतं. नाक आतून सुकून रक्त येतं, रात्री नाकपुड्यांना तुपाचं बोट लावा. खोबरेल तेल थंडीत बाटलीत थिजून दगड होतं, मोठ्या तोंडाच्या डबीत न्या. बायकांनी डोक्यावर रुमाल ठेवायचा, सुती घ्या, सिंथेटिक घसरतो. शुक्रवारी बरंच बंद असतं, त्या दिवशी बाग आणि बोळ ठेवा.

खाण्यात मासे शोधू नका. वांग्याचं कश्क-ए-बादेमजान आणि ताजी नान यावर शाकाहारी माणूसही निभावतो. बाजारात तेरमे हे रेशमी-लोकरी कापड मिळतं, त्यावरची बोत्ते म्हणजे आपली कोयरी. हातमागाचं हवं असेल तर उलटी बाजू बघा आणि भाव ऐकून दचकू नका. स्वस्त ते यंत्रावरचं. गोडात कोत्ताब आणि पशमक. पशमक म्हातारीच्या केसांसारखं, पण तुपा-पिठात ओढलेलं. ते झाकण घट्ट लागणाऱ्या पत्र्याच्या डब्यातलंच घ्या, पुठ्ठ्याच्या खोक्यातलं नको. यझ्दच्या कोरड्या हवेत उघडं ठेवलं तरी टिकतं. कोकणात पावसाळ्यात डबा उघडलात तर तासाभरात ते ओलसर गोळा व्हायला लागतं, म्हणून सगळी माणसं बसल्यावरच उघडा आणि त्याच बैठकीत संपवा.